खंडेनवमीची सही

मृदुलाबद्दल लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही. तिला कळलं तर ती लॅपटॉप फाडकन मिटेल आणि म्हणेल, "काका, तुम्हाला दुसरं काम नाही का?" नाहीच आहे. एकतीस वर्षं एका इंजिन कंपनीच्या टेस्टिंग विभागात काढली, रिटायर झालो, काळेवाडीच्या घरात दीड महिना बसलो आणि बायकोने हात जोडले. डब्यांची झाकणं मापात बसत नाहीत म्हणून मी तिच्याशी भांडत होतो. तेव्हापासून रोज सकाळी स्कूटर काढतो, चाकणच्या रस्त्यावरच्या कंटेनरवाल्यांना शिव्या घालत म्हाळुंग्याला पोचतो आणि मृदुलाच्या शेडमध्ये बसतो. हुद्दा काही नाही. चहा मिळतो आणि ओरडायला माणसं मिळतात.

शेडमध्ये जमिनीत दोन मोठे रोलर बसवलेत. गाडीची चाकं त्यांवर ठेवायची, पट्ट्यांनी गाडी घट्ट बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. गाडी कुठेच जात नाही, पण इंजिनच्या पोटात काय चाललंय ते सगळं स्क्रीनवर दिसतं. ते बघून मृदुला गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते की एवढ्या हवेला एवढं पेट्रोल दे. याला ट्यूनिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर सोडते आणि रडते. कमी झालं तर ती सुरुवातीला फार छान पळते आणि मग फुटते. लोकांना ते छान पळणंच तेवढं दिसतं.

मृदुला चौदा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आली. मी तेव्हा टेस्टिंगचा फोरमन. पोरं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं. ही पहिल्याच आठवड्यात माझ्या रीडिंगवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे बरोबर वाटत नाही." कंपनीत मला कोणी काका म्हणत नसे. मी सगळ्यांदेखत तिला झापलं. संध्याकाळी कळलं की गेजच्या नळीत पाणी होतं आणि पोरगी बरोबर होती. मी तिला तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जरा हळू ओरडायला लागलो, एवढंच.

आता तिची स्वतःची शेड आहे आणि अजूनही आलेला प्रत्येक माणूस तिला विचारतो, "सर कुठायत?" मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून मलाच गाडीचं दुखणं सांगायला लागतो. तिचा नवरा हिंजवडीत दिवसभर असाच लॅपटॉपपुढे बसतो, त्याला कोणी विचारत नाही सर कुठे आहेत म्हणून. मृदुला शांतपणे मधे उभी राहते आणि म्हणते, "मला सांगा. गाडी मी बघते." मला राग यायचा त्या लोकांचा. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटायचं.

तिचा एक नियम आहे, तीन साक्षीदारांचा. पहिला साक्षीदार एक्झॉस्टमधला सेन्सर. बोटाएवढा असतो. जळून आलेला धूर हुंगतो आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात सांगतो. दुसरा, एक्झॉस्टचं तापमान. तिसरा तिचा हिशेब: पेट्रोल किती सोडलं, हवा किती आत गेली. तिघांची साक्ष जुळली तरच ती पुढचं पाऊल टाकते. एक जरी फुटला तर सगळं बंद. "एवढं घाबरून कसं चालेल?" असं मीसुद्धा तिला विचारलंय. ती म्हणाली, "काका, इंजिन फुटलं तर सगळ्या चाकणला कळतं. फुटलं नाही, हे कोणालाच कळत नाही." चिडून म्हणाली होती. तिच्या कामाचं दुखणंच ते आहे.

भाद्रपदात कुरुळीचा पिंटूशेठ आला. जुनं गावकीतलं घर, जमीन, चार धंदे आणि जीव सगळा बैलगाड्याच्या शर्यतीत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैल किती सेकंदांत वर गेले यावर हा माणूस तासभर बोलू शकतो. त्याने कुठून तरी एक जुनी जपानी गाडी आणली होती, रोटरी इंजिनची आणि वर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. रोटरीत पिस्टन नसतो. एक तिकोनी लोखंड गरगर फिरतं आणि त्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात. साध्या इंजिनमध्ये पेट्रोल कमी पडलं तर ते आधी ठकठक करतं, सांगतं, चार वेळा माफ करतं. रोटरी सांगतही नाही आणि माफही करत नाही. एकदा आत भलत्या वेळी भडका उडाला की पट्टी तुटते, तिचा तुकडा टर्बोत जातो आणि विषय संपतो. त्या इंजिनचे सुटे भाग शोधायला गेलं तर वर्ष जातं.

चाकणच्या या पट्ट्यात अशी गाडी उघडायला कोणी धजत नव्हतं. मृदुलाने घेतली. तिला ठाऊक होतं की ही जमली तर "सर कुठायत" बंद होईल, आणि फुटली तर तिच्या शेडच्या दारात परत कोणी गाडी लावणार नाही. मलाही ठाऊक होतं.

"ताई, दसऱ्यानंतरच्या रविवारी धावपट्टीवर शर्यत हाय," पिंटूशेठ म्हणाला. "सेकंदावरची. गाडी तयार पायजे."

"तयार झाली तर देईन," मृदुला म्हणाली.

तिने तीन आठवडे घेतले. आधी तिकोनी लोखंडाच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती घट्ट दाबली जाते ते, मोजलं. पंप बघितला, पेट्रोलचं प्रेशर बघितलं. मग टर्बोचा दाब अगदी कमी ठेवून, पेट्रोल मुद्दाम जास्त सोडून सुरुवात केली. एक रन तीन सेकंदांचा, मग वीस मिनिटं आलेख वाचत बसायचं. एका वेळी एकच बदल. पिंटूशेठ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पाय हलवायचा. नवरात्र उजाडलं तेव्हा टर्बोच्या अर्ध्या बार दाबाला सेन्सरचा आकडा ११.२ वर स्थिर होता. एक भाग पेट्रोलला अकराच्या वर थोडी हवा. या इंजिनला दाबाखाली तेवढंच मानवतं. तीन साक्षीदार एका सुरात बोलत होते. दसऱ्यानंतर दाब वाढवायचा होता.

मधे आली खंडेनवमी.

आमच्या टेस्टिंग विभागाची एक रीत होती. बाकीची खाती मशीन पुसून, हार घालून मोकळी व्हायची. आम्ही त्या दिवशी प्रत्येक मीटर कॅलिब्रेट करायचो, म्हणजे खऱ्या मापाशी ताडून जुळवायचो, त्यावर तारीख-सहीचा स्टिकर लावायचो आणि मगच पाटावर मांडायचो. खोटं माप देवीपुढे ठेवायचं नाही, असं माझ्या आधीचे फोरमन म्हणायचे. शेवटची अठरा वर्षं ती सही माझी होती. माझा स्टिकर लागला की त्या मीटरवर कंपनीत कोणी शंका काढत नसे.

ती रीत मी मृदुलाच्या शेडमध्ये आणली. कोणी सांगितलं नव्हतं. ती हार आणायला चाकणच्या बाजारात गेली होती. मी पाट मांडला, पाने-टॉर्क रेंच ओळीत लावले, धुपाटण्यात निखारे घालून वर भरपूर ऊद टाकला. वाऱ्याने निरांजन विझत होतं म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. मग एक्झॉस्टमधला सेन्सर काढून पाटावर ठेवला. तो जुळवायला सोपा असतो. ताज्या हवेत धरायचा आणि त्याच्या मीटरच्या डब्यावरचं बटण दाबायचं. ताज्या हवेत ऑक्सिजन किती हे ठरलेलं आहे, त्यावरून तो स्वतःला लावून घेतो. मी देवीला नमस्कार केला, पाटावरच बटण दाबलं, डब्यावर स्टिकर चिकटवला आणि झोकात सही केली. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं भक्तीने येतंय.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि शुक्रवारी काम सुरू झालं. सुट्टीनंतरचा पहिला रन जुनाच करायचा, काही न बदलता, ही मृदुलाची शिस्त. केला. आकडा आला १०.६.

"काका, पेट्रोल जास्त दाखवतोय."

"मग काप," मी म्हणालो.

"पण मी काही बदललंच नाही. तापमानही आधीसारखंच आहे. धूरही काळा नाही." तिने परत रन केला. १०.६. "एक साक्षीदार फुटला."

"ऑक्टोबरचं ऊन आहे. गरम हवा विरळ असते, मग पेट्रोल जास्तच दिसणार. मी हे तुला शिकवलंय."

"त्याने एवढा फरक पडत नाही. शिवाय कॉम्प्युटर ते धरतो हिशेबात."

इथून जे सुरू झालं त्याने माझं डोकं उठलं. तिने टाकीतलं सगळं पेट्रोल काढलं. काचेच्या नळीत पाणी घालून हलवलं, इथेनॉल किती आहे बघितलं. पहिल्याएवढंच. पंपाचं प्रेशर मोजलं, बरोबर. इंजेक्टर काढून मोजले, बरोबर. हवेच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावून फुगे शोधत बसली, एकही नाही. तापमानाचा प्रोब बदलायचा म्हणून मी भोसरीला गेलो, येताना नाशिक रस्त्यावर पाऊण तास अडकलो, नवा प्रोब बसवला, तर तोही जुन्यासारखंच बोलला. शुक्रवार गेला. पिंटूशेठ दोनदा येऊन गेला.

"ताई, आकडा सांगतोय पेट्रोल जादा हाय. मंग कमी करा की. एवढं कशाला घोळताय?"

"कमी केलं आणि आकडा खोटा निघाला तर?"

"काका काय म्हणत्यात?"

परत तेच. त्याने मान माझ्याकडे वळवली. आणि मी, मूर्ख माणूस, छाती काढून म्हणालो, "सेन्सर मी स्वतः नवमीला कॅलिब्रेट केलाय. आकड्यात खोट नाही."

मृदुला डब्यावरच्या माझ्या सहीकडे बघत राहिली.  सगळी शेड तिने खोलून पाहिली होती, फक्त तो स्टिकर सोडून. मी शिकवलेलं तिने इतकं पाळलं होतं. मला मात्र त्या वेळी वाटलं, बाई हट्टाला पेटलीय. तसं बोललोसुद्धा. "एवढा भित्रेपणा असेल तर टर्बोला हात लावू नये माणसाने." हे मी त्या पोरीला बोललो, गिऱ्हाइकासमोर. तिने लॅपटॉप मिटला आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

शनिवारी दुपारी मी कोपऱ्यावर डबा खायला गेलो. परत आलो तर मृदुला शेडच्या दाराबाहेर, उन्हात, हात लांब करून उभी होती. हातात सेन्सर. वायर ताणून बाहेर आणलेली. शेजारच्या स्टुलावर लॅपटॉप.

"तेवीस," ती म्हणाली.

"काय तेवीस?"

"ऑक्सिजन. ताज्या हवेत एकवीसला जरा कमी यायला हवा. हा तेवीस दाखवतोय. जगात कुठे नसतो तेवीस. आपल्या चाकणात तर नाहीच." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "काका, त्या दिवशी बटण कुठे दाबलंत?"

मी आत बघितलं. पाट अजून भिंतीला टेकून होता. धुपाटण्यात राख होती. सेन्सर त्या धुपाटण्यापासून वीतभर अंतरावर होता, मी स्वतःच मांडला होता तो. निखाऱ्याच्या आणि उदाच्या धुरात ऑक्सिजन कमी, आणि मी सेन्सरला शपथेवर सांगितलं होतं की हीच ताजी हवा. त्याने निमूट ऐकलं. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट वाढवून सांगत होता. मिश्रण होतं तसंच होतं, याला ते पेट्रोलने भरलेलं दिसत होतं. माझं ऐकून तिने पेट्रोल कापलं असतं, तर स्क्रीनवर ११.२ दिसला असता आणि खरा आकडा बाराच्या घरात गेला असता. त्यावर दाब वाढवायचा. रविवारी धावपट्टीवर, पहिल्या पाच सेकंदांत पट्टी तुटली असती.

 तीही माझ्याबरोबर पाटाकडे बघत होती. तिने सेन्सर वाऱ्यात धरला, दहा मिनिटं थांबली, बटण दाबलं. मग आत जाऊन जुना रन केला. ११.२.

चार वाजता पिंटूशेठ आला. मृदुला त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शेठ, सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलं होतं. चूक माझी. दोन दिवस वाया गेले. दाब वाढवायला अजून दोन दिवस तरी लागतील. उद्याच्या शर्यतीला गाडी तयार होणार नाही."

चूक माझी. तिने असं म्हटलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

एकतीस वर्षं मी खात्यात एकच प्रश्न ओरडून विचारला होता, "चूक कोणाची?" पोरं माना खाली घालायची आणि मला त्यांची कीव यायची. आता तोंड उघडायची माझी पाळी होती आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून पाण्याची बाटली भरत उभा होतो. भरलेली बाटली भरत होतो. पाणी बुटावर सांडलं.

पिंटूशेठने डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. गाडी नेतो मी." ट्रेलर बोलावला आणि घेऊन गेला.

सोमवारी शेड रिकामी होती. बुधवारी येणार होती ती गाडीही रद्द झाली, त्या माणसाने फोनवर कारण सांगितलं नाही. मृदुलाने रोलर पुसले, पाने जागेवर लावले, मला चहा दिला. "काका, साखर कमी टाकलीय आज." बस. तिने चार शब्द सुनावले असते तर मी सुखाने घरी गेलो असतो. तो चहा मला गिळवेना. मंगळवारी सकाळी मी स्कूटर म्हाळुंग्याला न नेता कुरुळीला नेली.

पिंटूशेठ गोठ्यात बैलाच्या अंगावर हात फिरवत होता. ताडपत्रीखाली गाडी होती. मी उभ्याउभ्याच बोललो. "शेठ, ते कॅलिब्रेशन मी केलं होतं. धुपाच्या धुरात बटण दाबलं. मृदुलाची चूक नव्हती. तिने तुमचं इंजिन वाचवलं. मी पेट्रोल काप म्हणत होतो, ती ऐकत नव्हती."

त्याने हात थांबवला नाही. "म्हाईत हाय."

"काय?"

"काका, मला वाचता येतं. डब्यावर सही तुमची व्हती, तारीख नवमीची." तो आता वळला. "आमच्या घाटात गाडा सुटताना कुणाच्या हातनं चूक झाली तर त्यानं हात वर करायचा. बैल जातो, शर्यतीची बारी जाते, त्याचं काय न्हाई. पण हात वर न्हाई केला तर पुढल्या येळेला त्या गड्याला जू धरू देत न्हाईत. मी तितं उभा व्हतो, तुमच्याकडं बघत व्हतो. तुमी बाटली भरत व्हता."

मला जमिनीत गाडल्यासारखं झालं. मला वाटत होतं त्याने गाडी चुकीमुळे नेली. तिच्या कामामुळे नेली. त्याने ती माझ्या मिटलेल्या तोंडामुळे नेली होती.

"मग त्या बुधवारच्या माणसाला..."

"त्यानं इचारलं, गाडी का आणली. मी सांगितलं, ताई हुशार हाय, पण शेडात एक म्हातारा हाय." तो जरा हसला. मला हसू आलं नाही. "बसा. चहा घ्या. उद्या गाडी पाठवतो. पण सही ताईंची लागंल."

शेडवर येऊन मी खिशातला स्टिकरचा रोल मृदुलाच्या टेबलावर ठेवला. कुरुळीला काय झालं ते सांगितलं, बाटलीसकट. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मीच विचारायला हवं होतं. शुक्रवारीच. तुमची सही होती म्हणून नाही विचारलं." आणि मग चौदा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "पहिल्या आठवड्यात तुमचं गेज चुकलं होतं, तेव्हा सांगितलं असतंत ना मी बरोबर होते म्हणून, तर विचारलं असतं मी!"

तिला आठवत होतं. नळीतलं पाणी, सगळं. 

बुधवारी गाडी परत आली. पिंटूशेठ खुर्चीत बसून पाय हलवायला लागला. मृदुला सेन्सर घेऊन दाराबाहेर गेली, वाऱ्यात धरला, बटण दाबलं. स्टिकरवर सही केली आणि तिच्या सहीखाली दुसऱ्या सहीसाठी पेनाने एक रेघ मारली. पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं नाही. "रस्त्यावरून आत्ता कंटेनर गेला," मी म्हणालो. "धूर सोडत गेला. परत कर."

"काका, अहो शेठ थांबलेत."

"मला हे बरोबर वाटत नाही. परत कर."

तिने माझ्याकडे असं बघितलं की आता सेन्सर डोक्यात घालते. मग वायर ताणून शेडच्या मागच्या बाजूला, शेताकडे गेली. मीही गेलो. दहा मिनिटं आम्ही दोघं हात लांब करून बावळटासारखे उभे होतो आणि आतून पिंटूशेठ विचारत होता की आता काय झालं.